कोरफडीची तहान ओळखताना

दृष्ट लागू नये म्हणून मुळासकट उलटी टांगलेली कोरफड आपल्याकडे कितीतरी घरांच्या आणि दुकानांच्या दारांवर दिसते. तिला माती नसते, पाणीही कुणी घालत नाही. तरी ती महिनोन्‌महिने हिरवी राहते, आणि तिचा शेंडा हळूहळू उजेडाकडे वर वळतो. त्याच घराच्या गॅलरीत रोज सकाळी न चुकता पाणी मिळणारी कुंडीतली कोरफड मात्र ऐन पावसाळ्यात बुडाशी मऊ पडते आणि कलंडते. या दोन झाडांमधला फरक कळला की कोरफडीची निगा राखणं फारसं अवघड उरत नाही.

कोरफडीचं मूळ घर अरबस्तानात, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. तिथल्या कोरड्या, खडकाळ भूमीत पाऊस क्वचित पडतो आणि पडला तरी पाणी दगडांतून झपकन निघून जातं. कोरफडीची सगळी रचना त्याला साजेशी आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म रंध्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वाटेनं पाणी गमावतात. कोरफड दिवसा ही दारं मिटून घेते आणि गार रात्री उघडते. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवते आणि उजाडल्यावर मिटल्या दारांआड त्यातून अन्न तयार करते. पाणी फारच कमी पडलं तर ती रात्रीही रंध्रं मिटते आणि स्वतःच्या श्वसनातून निघालेला वायूच पुन्हा वापरते. शिवाय पानातल्या गराचा सुमारे ९९ टक्के भाग पाणीच असतो. दारावरची कोरफड एवढे दिवस तग धरते ती या बळावर.

म्हणून कुंडीत सर्वांत महत्त्वाचं काय असेल, तर पाण्याचा निचरा. तळाला भोक असलेली मातीची कुंडी सर्वांत चांगली, कारण तिच्या भिंतींतूनही ओल उडून जाते. निम्मी बागेतली माती, उरलेल्या निम्म्यात भरड वाळू किंवा विटांचा चुरा आणि मूठभर जुनं शेणखत, एवढं पुरतं. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेली रोपं रोपवाटिकेतून येतात, ती घरी आणल्यावर या मिश्रणात बदलून घ्यावीत. कोकोपीट ओल धरून ठेवतं आणि आपल्या दमट पावसाळ्यात ते घातक ठरतं.

पाणी वार ठरवून देऊ नये. बोट दोन पेरं मातीत खुपसावं. आत पूर्ण कोरडं लागलं तरच कुंडीच्या तळातून निथळेल इतकं भरपूर पाणी द्यावं. उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी, थंडीत पंधरा दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा ही वेळ येते. पावसाळ्यात कुंडी वळचणीला, कोरड्या पण उजेडाच्या जागी हलवावी. कोकणात तर हे केल्याशिवाय कुंडीतली कोरफड टिकवणं कठीणच.

बहुतेक झाडं दगावतात ती एका गैरसमजामुळे. पानं पातळ झाली, सुरकुतली, आत वळली, की झाड तहानलेलं आहे असं आपण धरतो. पण जास्त पाण्यानं मुळं कुजली, तरी पानं नेमकी अशीच दिसतात, कारण कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. माणूस मग आणखी पाणी घालतो. त्यामुळे पान पाहून थांबू नये, माती पाहावी. माती कोरडी आणि पान सुरकुतलेलं असेल तर झाडाला पाणी हवं आहे. माती ओली आणि पान सुरकुतलेलं असेल तर झाड लगेच उपटावं, काळी पडलेली मुळं आणि मऊ खोड स्वच्छ भाग लागेपर्यंत कापावं, चार-पाच दिवस सावलीत सुकू द्यावं आणि कोरड्या मिश्रणात पुन्हा लावावं. शेंड्याखाली थोडं निरोगी खोड शिल्लक असेल तर झाड बहुधा वाचतं.

उजेड भरपूर हवा, सकाळचं ऊन उत्तम. घरात ठेवलेलं झाड एकदम एप्रिलच्या उन्हात नेलं तर पानं तांबूस होतात; सावली दिली की रंग परततो.

रोपं वाढवायची तर पिल्लांपासूनच. पान मातीत खोचून रोप करण्याचे व्हिडिओ फार फिरतात, पण कोरफडीच्या पानात कोंब फुटेल असा डोळा नसतो, ते पान शेवटी कुजतं. पिल्लू वीतभर झालं, त्याला चार-पाच पानं आणि स्वतःची मुळं आली, की आईपासून स्वच्छ सुरीनं वेगळं करावं. फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस सरल्यावरचा ऑक्टोबर हे महिने चांगले. तोडल्यावर दोन-तीन दिवस जखम सावलीत सुकवावी. ओल्या जखमेतून बुरशी शिरते, म्हणून हा धीर महत्त्वाचा. लावल्यावरही आठवडाभर पाणी देऊ नये. पिल्लांच्या पानांवर पांढरे ठिपके दिसले तर वेगळी जात आली असं समजू नये, वय वाढलं की ते बहुधा जातात.

पान काढायचं ते बाहेरचं, सर्वांत जुनं, बुंध्यापासून. कापलेलं टोक खाली करून ते थोडा वेळ उभं ठेवावं, म्हणजे सालीलगतचा पिवळा, कडू रस निथळतो. हा रस सुकवला की काळाबोळ होतो. तो तीव्र रेचक आहे, त्यामुळे घरच्या घरी कोरफड पोटात घेऊ नये. गरोदर स्त्रियांनी तर नाहीच. मांजर-कुत्र्यालाही हे झाड चघळू देऊ नये.

नीट उजेड मिळालेल्या काही वर्षांच्या झाडाला थंडीत उंच दांडा येऊन पिवळी फुलं लागतात. घायपात फुलल्यावर मरते, कोरफड मरत नाही. दांडा वाळला की तळातून कापून टाकावा, झाड पुढच्या वर्षी पुन्हा फुलू शकतं.