मुके स्पीकर, बोलकी वायर
(लेखमाला : विजेवरची मोटार, लेखांक ११)

गेल्या लेखांकात विजेवरच्या मोटारीतली छोटी बॅटरी पाहिली. चाके फिरवणारी मोठी बॅटरी वेगळी. दिवे, काचा, वायपर आणि म्युझिक सिस्टिम चालतात ते या छोटीच्या जिवावर. या आठवड्याचा विषय त्यातली म्युझिक सिस्टिम. ती सुधारायची म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नवा स्पीकर येतो. विजेच्या गाडीत मात्र खरा निकाल लावते ती वायर. टेस्लाच्या ‘मॉडेल ३’ची गोष्ट त्यासाठी ऐकण्यासारखी आहे.

२८ फेब्रुवारी २०१९ रोजी टेस्लाने या गाडीची बहुचर्चित ३५ हजार डॉलरची आवृत्ती जाहीर केली. सोबत २ हजार डॉलर जास्त किमतीची ‘स्टँडर्ड रेंज प्लस’ही आली. महागड्या मॉडेल ३मध्ये १४ स्पीकर, एक सबवूफर आणि दोन अॅम्प्लिफायर होते. स्वस्त गाडीत एवढा थाट मिळणार नाही, हे ग्राहकांनी गृहीतच धरले होते. पण गाड्या घरी आल्यावर अमेरिका-युरोपातल्या काही हौशी मालकांनी आतले पॅड आणि जाळ्या उघडल्या, तेव्हा अनेक गाड्यांत जास्तीचे स्पीकर जागच्या जागी बसवलेले दिसले. स्क्रू आवळलेले, सगळे ठाकठीक. फक्त त्यांच्यापर्यंत सिग्नल पोहोचत नव्हता.

ज्याचे पैसेच घेतले नाहीत, ते कारखान्याने बसवले कशाला? यात दानधर्म नाही, हिशेब आहे. दोन किमतींच्या गाड्यांसाठी दोन प्रकारचे सुटे भाग ठेवायचे, लाइनवरच्या कामगाराने प्रत्येक गाडी पाहून योग्य तो उचलायचा, चुकला तर काम परत करायचे. या सगळ्यापेक्षा एकच भाग सरसकट बसवणे कित्येकदा स्वस्त पडते. मग महाग आणि स्वस्त यांतला फरक उरतो तो वायरीत किंवा सॉफ्टवेअरमध्ये.

सॉफ्टवेअरचे कुलूपही टेस्लाने त्याच वर्षी दाखवले. एप्रिल २०१९मध्ये ३५ हजारांची गाडी म्हणजे ‘प्लस’चीच मर्यादा घातलेली प्रत झाली. बॅटरी तीच, पण पल्ला सॉफ्टवेअरने कमी केलेला. ऑनलाइन संगीत आणि सीट गरम करण्याची सोयही तशीच बंद. पुढे ‘प्लस’च्या मागच्या सीटमधले हीटर ३०० डॉलर भरले की इंटरनेटवरून चालू होऊ लागले. बीएमडब्ल्यूने २०२२मध्ये काही देशांत सीटच्या उबेसाठी मासिक वर्गणी लावली. त्यावर एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षी कंपनीने माघार घेतली. सॉफ्टवेअरच्या कुलपाची किल्ली कंपनीकडेच असते. वायरीच्या कुलपाचे तसे नाही. ती वायर बाहेरचा कारागीरही बनवू शकतो. मॉडेल ३च्या बाबतीत तेच झाले आणि मुक्या स्पीकरना बोलके करणारे तयार हार्नेस बाजारात आले.

हार्नेस म्हणजे मापात कापलेल्या, टेपने बांधलेल्या आणि टोकांना कपलर लावलेल्या वायरींचा जुडगा. कारखान्याचा कपलर काढायचा, त्याच्या दोन टोकांमध्ये हा जुडगा बसवायचा आणि त्याला फुटलेली शाखा मुक्या स्पीकरपर्यंत न्यायची, एवढेच काम. मूळ वायरीला ना कात्री लागते, ना सोल्डरिंग. गाडी विकताना सगळे काढून पूर्ववत करता येते. हीच हार्नेसची मोठी खुबी. वायर सोलून पीळ मारलेला आणि वरून टेप गुंडाळलेला जोड दाराच्या आत पावसाळी ओलाव्यात गंजतो आणि मग खरखर सुरू होते. नीट बसलेल्या कपलरला ही कटकट नसते.

दिसायला साधी असली तरी ही वस्तू वाहन उद्योगाची दुखरी नस आहे. हार्नेस आजही मोठ्या प्रमाणावर हातानेच बांधावे लागतात. मार्च २०२२मध्ये युद्धामुळे युक्रेनमधले हार्नेसचे कारखाने थांबले आणि जर्मनीत फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू यांच्या गाड्यांचे उत्पादन अडले. स्टील होते, इंजिने होती, मोटर होत्या. वायरींचे जुडगे नव्हते. टेस्लाने मॉडेल एसमधली सुमारे ३ किलोमीटर वायर मॉडेल ३मध्ये निम्म्यावर आणली, तीही हातबांधणीच्या डोकेदुखीमुळे. या धंद्यातल्या जपानच्या याझाकी कंपनीचे भारतातले काम पुण्यातूनच चालते.

आता विजेचे गणित. गाडीतला स्पीकर साधारणपणे ४ ओहमचा असतो. मुका स्पीकर चालू करण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे त्याला चालू स्पीकरच्या वायरीवरच समांतर जोडणे. पण ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अॅम्प्लिफायरला दिसतो २ ओहमचा भार, आणि प्रवाह दुप्पट होतो. एका मजल्यासाठी घेतलेल्या पंपावर दोन मजल्यांच्या टाक्या भरायला लावल्या, तर पाणी चढेल, पण पंप तापेल, तसेच हे. अॅम्प २ ओहम सोसणारा असेल तर प्रश्न नाही. नसेल तर तो आवाज वाढवताच गप्प होतो किंवा कायमचा जातो. ट्विटरच्या, म्हणजे वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरच्या, बाबतीत सुटका सोपी आहे. त्याच्या मालिकेत कपॅसिटर टाकला की खालचे स्वर आणि त्यांचा जड प्रवाह अडतो. ४ ओहमच्या ट्विटरला सुमारे ३,३०० हर्ट्झच्या खालचे स्वर अडवायचे, तर १२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. कपॅसिटरशिवाय जोडलेला ट्विटर पहिल्याच दणदणीत ढोलाला जळू शकतो.

दुसरा धोका ‘निगेटिव्ह’च्या गैरसमजातला आहे. गाडीत काळी वायर म्हणजे बॉडीची अर्थिंग, हे मेकॅनिकच्या हाताला पाठ असते. आधुनिक अॅम्पच्या आउटपुटमध्ये मात्र स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असते. त्यातली एक बॉडीला टेकवली की शॉर्ट. म्हणून स्पीकरच्या दोन्ही वायरी शेवटपर्यंत सोबतच न्याव्या लागतात.

तिसरी चूक कशाचेही नुकसान करत नाही, फक्त पैसे वाया घालवते. डाव्या-उजव्या स्पीकरपैकी एकाचे प्लस-मायनस उलटे लागले, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, आणि तबल्याचा डग्गा, बेस गिटार हे खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. मालक म्हणतो, ‘स्पीकर वाढवले पण बेस गेला.’ तपास सोपा आहे. गाडीपासून सोडवलेल्या वूफरला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावायचा. पडदा बाहेर उचलला, तर सेलचे प्लस टोक स्पीकरच्या प्लसला लागले आहे.

स्पीकर वाढले, पण ताकद तेवढीच राहिली तर? जाहिरातीत ‘५० वॉट गुणिले ४’ असे लिहिलेले असते. १४.४ व्होल्टवर चालणारा साधा अॅम्प ४ ओहमच्या स्पीकरला सलग ताकद द्यायची म्हटली, तर कागदावरही २६ वॉटच देऊ शकतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणून गंभीर हौशी मंडळी वेगळा अॅम्प आणि सबवूफर बसवतात, आणि इथे विजेची गाडी आपला वेगळेपणा दाखवते. १२ व्होल्टवर ३०० वॉट ओढायचे म्हणजे २५ अँपिअर. एवढा प्रवाह बारीक वायरीतून नेला तर ती तापते. तेव्हा जाड तांब्याची वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, याला पर्याय नाही. मॉडेल ३मध्ये जुन्या पद्धतीची फ्यूजपेटीच नाही. सर्किट तोडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक फ्यूज करतात आणि मर्यादेबाहेर प्रवाह ओढणारी शाखा संगणक बंद करतो. शिवाय २०२१च्या अखेरीपासून मॉडेल ३ आणि मॉडेल वायमध्ये शिशाच्या बॅटरीऐवजी सुमारे १५.५ व्होल्टची लिथियम बॅटरी येऊ लागली. टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये तर ही व्यवस्था ४८ व्होल्टची आहे. १२ व्होल्टच्या गाडीसाठी घेतलेला अॅम्प अशा गाडीला जोडण्याआधी त्याची कमाल व्होल्टेजची मर्यादा पाहिलीच पाहिजे. नारिंगी रंगाच्या केबलना मात्र कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही. त्या मोठ्या बॅटरीच्या, शेकडो व्होल्टच्या आहेत.

इंजिन नसल्यामुळे विजेच्या गाडीत गाणे अधिक स्वच्छ ऐकू येते, हे अर्धेच खरे. शहरात, कमी वेगात ते पटते. हायवेवर इंजिनाची घरघर नसली तरी टायरचा घुमारा आणि वाऱ्याचा आवाज उघडे पडतात. टायरचा घुमारा खालच्या स्वरांतला असल्याने बेस त्यातच बुडतो. म्हणून दाराच्या पत्र्याला आतून चिकटवलेली डॅम्पिंग शीट कधी कधी नव्या स्पीकरपेक्षा जास्त फरक पाडते.

इन्व्हर्टर आणि मोटर विद्युत गोंगाटही करतात. तो सर्वांत जास्त बाधतो एएम रेडिओला. बीएमडब्ल्यूच्या ‘आय ३’पासून अनेक विद्युत गाड्यांतून एएम गायब झाला. फोर्डनेही तो काढायचे ठरवले होते, पण आपत्तीच्या काळात सरकारी सूचना एएमवरूनच पोहोचतात, असा आक्षेप आल्यावर मे २०२३मध्ये निर्णय फिरवला. हार्नेस बसवताना याचा धडा एवढाच, की सिग्नलची वायर आणि पॉवरची वायर गाडीच्या एकाच बाजूने जुडीने नेऊ नये. शिट्टीसारखा सूर गाण्यात शिरतो.

सगळ्या गाड्यांत हार्नेसची युक्ती चालत नाही. काही जर्मन गाड्यांत हेड युनिटपासून अॅम्पपर्यंत आवाज प्रकाशाच्या रूपात, ऑप्टिकल फायबरमधून जातो. तिथे मधेच जोडायला तांब्याची वायरच नसते. शिवाय कंपनीने आवाजाचा समतोल मूळ स्पीकरच्या संचासाठी बांधलेला असतो. ड्रायव्हरच्या जवळचा आणि दूरचा स्पीकर यांत ६० सेंटिमीटरचा फरक असेल, तर दूरचा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि चांगली सिस्टिम तेवढी दुरुस्ती आधीच करून ठेवते. समांतर जोडलेल्या स्पीकरला ही दुरुस्ती स्वतंत्रपणे मिळत नाही. त्यामुळे आवाज भरगच्च होतो, पण महागड्या गाडीसारखा हुबेहूब होत नाही.

एक स्पीकर मात्र हौसेच्या बाहेरचा आहे, पादचाऱ्यांना सावध करणारा, गाडीबाहेर तोंड असलेला. टेस्लाने त्यातून मनोरंजनाचे आवाज काढायची ‘बूमबॉक्स’ ही सोय दिली होती. इशाऱ्याचा आवाज त्यात झाकला जाऊ शकतो म्हणून फेब्रुवारी २०२२मध्ये अमेरिकेत पावणेसहा लाखांहून अधिक गाड्या रिकॉल कराव्या लागल्या. दुरुस्ती सॉफ्टवेअरने झाली, पण नियम स्पष्ट झाला.

टेस्ला भारतात जुलै २०२५मध्ये, मुंबईच्या बीकेसीतल्या शोरूमने आली, तीही मॉडेल वाय घेऊन. त्यामुळे मॉडेल ३चे हार्नेस इथे कुणाला लागायचे नाहीत. टाटा, महिंद्रा, एमजी यांच्या विद्युत गाड्यांचे बेस मॉडेल घेऊन बाहेर स्पीकर वाढवणारे मात्र भरपूर आहेत, आणि त्यांना हे सगळे लागू पडते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत वायर, कपॅसिटर, मल्टिमीटर सगळे मिळेल. बाजारातल्या हार्नेसवर पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची आणि जांभळी मागच्या उजव्याची असते. काळी रेघ असलेली वायर मायनस. कंपनीच्या मूळ वायरींना हे रंग लागू होतीलच असे नाही, म्हणून मीटरने तपासल्याशिवाय जोडू नये.

दुकानात जाण्यापूर्वी वाचकांनी तीन प्रश्न लिहून न्यावेत : हार्नेस माझ्या गाडीच्या नेमक्या मॉडेलचा आणि वर्षाचा आहे का, जोडल्यावर अॅम्पला किती ओहमचा भार दिसेल आणि कंपनीची एकही वायर कापावी लागणार नाही ना? तिसऱ्याचे उत्तर ‘थोडीशी कापावी लागेल’ असे आले, तर दुसरे दुकान गाठावे. कापलेली वायर हे सर्व्हिस सेंटरला वॉरंटी नाकारण्याचे आयते निमित्त असते.

(पुढील लेखांकात : घरचा चार्जर आणि सोसायटीचे मीटर)