जुन्या मोटारीचा भार

१९८३ साली आलेल्या मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तरीही ती, किंवा तिच्याच पिढीतील एखादी छोटी मोटार, अनेक व्यापारी कुटुंबांच्या दारी अजून उभी आहे. एरवी दुकानाचा माल आणि सुट्टीला घरची वडीलधारी मंडळी, दोहोंचा भार तीच वाहते. मागची बाजू खाली बसू लागली की रबरी बफर किंवा अधिक कडक स्प्रिंग बसविण्याचा सल्ला मिळतो.

स्प्रिंग भार पेलते. तिची उसळी शमविण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. तो झिजलेला असताना केवळ स्प्रिंग कडक केल्यास मोटार उंच दिसते, पण खड्ड्यावरून अधिक उसळते आणि चाकांची रस्त्यावरील पकड कमी होते. म्हणून प्रथम डाव्या-उजव्या बाजूंचे शॉकॲब्सॉर्बर जोडीने बदलावेत, फाटलेले बुश व सैल बॉलजॉइंट पाहून घ्यावेत आणि शेवटी चाकांचे अलाइनमेंट करावे.

हिशेबाच्या भाषेत हा दुरुस्तीखर्च आहे. कडक स्प्रिंग ही सुधारणा. पहिला टाळून दुसरी केल्यास खर्च वाढतो, सुरक्षितता नव्हे. शिवाय कोणत्याही स्प्रिंगने उत्पादकाने ठरविलेली भारमर्यादा वाढत नाही. जादा माल टेम्पोनेच पाठवावा.