बरणीतली उलटी कोशिंबीर

आरमोरीहून गडचिरोलीला रोज नोकरीसाठी ये-जा करणाऱ्यांची सकाळ बसच्या वेळेला बांधलेली असते. वरण-भात, भाजी कशीबशी डब्यात पडते. काकडी-टमाटर चिरायचं राहूनच जातं. म्हणून रविवारी रात्रीच चिरून ठेवावं म्हटलं. पहिल्यांदा ठेवलं ते साध्या डब्यात, मीठ-लिंबू लावून. मंगळवारी दुपारी झाकण उघडलं तर तळाशी वाटीभर पाणी आणि त्यात लोळणारा सांभार. (सांभार म्हणजे कोथिंबीर, पुण्या-मुंबईच्या वाचकांनी इडली शोधू नये.)

चूक मिठाची होती. काकडीच्या चकत्यांवर चिमूटभर मीठ भुरभुरा आणि ताटली दहा मिनिटं तिरकी ठेवा. आधी चकत्यांवर दवासारखे थेंब दिसतात, मग कडेला ओघळ साचतो. बाहेर मीठ जास्त झालं की काकडीच्या पेशींतलं पाणी तिकडे ओढलं जातं. कोशिंबिरीत मीठ अगदी पानं वाढताना घालायचं, ते याचसाठी. बरणीत आपण हीच वेळ दोन-तीन दिवस पुढे ढकलतो.

लोणच्याची रिकामी, रुंद तोंडाची, अर्ध्या लिटरची काचेची बरणी घ्या. धुऊन पूर्ण कोरडी केलेली. तळाशी दोन चमचे लिंबाचा रस, चमचाभर फल्लीतेल, मीठ, जिरेपूड. त्यावर कांदा. तो आंबट-खारटात बुडाला तरी बिघडत नाही, उलट त्याचा उग्रपणा मरतो. मग उकडलेल्या हरभऱ्यांचा दोन बोटं जाड थर. सगळी मदार या थरावर आहे: धानाच्या बांधीला धुरा असतो तसा हा खालचं पाणी खालीच अडवतो. वर गाजर, मुळा, पत्ताकोबी. त्यावर बिया काढलेली काकडी. टमाटर लहान असतील तर अख्खेच टाका, चिरले की सुटतात. सगळ्यात वर सांभार, पालक. पानं धुऊन फडक्यावर चांगली सुकवलेली हवीत. भाजलेले फल्लीदाणे वेगळ्या पुडीत न्यावेत, नाहीतर मऊ पडतात.

हरभरे कोमट असताना भरू नका. वाफ झाकणाला धरते आणि थेंब पुन्हा पानांवरच पडतात.

आपल्याकडे हात आपोआप भाताकडे जातो, पण बरणीत भात नको. शिजवूनही तगणारे एका जिवाणूचे बीजाणू तांदळात असतात. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात सकाळचा ताजाच न्यावा. मोडांचंही तसंच. ज्या ऊब-ओलाव्यात मोड येतात, त्यातच जंतू फोफावतात; 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या संसर्गाने पन्नासच्या वर माणसं दगावली. मटकी-मूग वाफवून, गार करूनच भरावेत.

फ्रिजमध्ये मी तीनच बरण्या ठेवते, सोमवार ते बुधवारच्या. पाच भरून पाहिल्या. शुक्रवारच्या काकडीला काही चव नव्हती. आणि रात्रभर वीज गेली असेल तर सकाळी बरणीचा मोह सोडायचा.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. बाहेर 32 अंशांच्या वर असेल तर असं खाणं तासाभराहून जास्त उघड्या उष्म्यात राहू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. आपला मे महिना 45 ला टेकतो. त्यामुळे बर्फ झालेली पाण्याची बाटली आणि बरणी एकत्र जाड टॉवेलात गुंडाळायची, आणि ऑफिसात पोचल्याबरोबर फ्रिज गाठायचा. तिथे फ्रिज नसेल तर एप्रिल-मेमध्ये अख्खी काकडी आणि चाकू न्यावा, बरणी घरीच बरी.

जेवताना ती ताटात पालथी करायची. पानं खाली जातात, हरभरे घरंगळतात, आणि तीन दिवस तळाशी थांबलेला लिंबाचा रस सगळ्यावरून उतरतो. मग वरून दाण्यांची पुडी.