उत्तर न देणारा माणूस आणि पोलीस ठाणे

स्वमग्नता, म्हणजे ज्याला आता सर्रास ऑटिझम म्हटले जाते ती मेंदूच्या वाढीतील वेगळेपणातून येणारी आजन्म स्थिती, असलेली व्यक्ती पुष्कळदा बोलणाऱ्याच्या नजरेला नजर देत नाही, हाक मारल्यावर वळेलच असे नाही, विचारलेला प्रश्न उत्तराऐवजी तसाच परत उच्चारते, हातवारे करत राहते आणि गोंगाट किंवा अनोळखी स्पर्श असह्य झाला की धावत सुटते. नजर चुकवणे, नाव न सांगणे, उलट बोलणे आणि पळून जाणे ही पोलिसी कामात मात्र संशयाची चिन्हे ठरलेली आहेत. एकाच वर्तनाचे असे दोन अर्थ लागत असल्यामुळे कोणाचाही वाईट हेतू नसतानासुद्धा पोलीस आणि स्वमग्न व्यक्ती यांची पहिली भेट बिघडू शकते. ती बिघडू नये यासाठी लागणारे बरेचसे कायदे देशात झाले आहेत. उणीव आहे ती संकटापूर्वी ठाणे आणि कुटुंब यांची ओळख असण्याची.

याचे उदाहरण म्हणून कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातील चिटगुप्पा घेता येईल; तो पूर्वी हुमनाबाद तालुक्याचा भाग होता आणि आता स्वतंत्र तालुका आहे. जुन्या हैदराबाद राज्यातून १९५६ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात आलेल्या या भूभागात घरात मराठी, बाजारात दखनी किंवा कन्नड आणि सरकारी कागदावर कन्नड अशी भाषांची वाटणी अनेक कुटुंबांच्या अंगवळणी पडलेली आहे. सर्वसाधारण मूल या भाषांमधून सहज ये-जा करते. स्वमग्न मुलाजवळ मात्र कित्येकदा घरच्या भाषेतील मोजकीच वाक्ये असतात. मराठी घरातल्या अशा मुलाला अनोळखी हवालदाराने कन्नडमध्ये नाव-गाव विचारले तर त्याचे मौन हे स्वमग्नतेमुळे आहे, भाषा न कळल्यामुळे आहे की भीतीमुळे आहे, हे ओळखण्याचे कोणतेही साधन त्या हवालदाराजवळ नसते.

घराबाहेर नकळत निघून जाण्याची प्रवृत्ती हे अशा भेटींचे एक प्रमुख कारण आहे. अमेरिकेतील कुटुंबांच्या पाहणीवर आधारलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४९ टक्के पालकांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर आपले स्वमग्न मूल निदान एकदा तरी असे निघून गेल्याचे किंवा तसा प्रयत्न त्याने केल्याचे सांगितले होते, आणि त्यात वाहनांचा व पाण्याचा धोका ठळकपणे पुढे आला होता. पुणे–हैदराबाद महामार्ग हुमनाबादवरून पुढे जातो, २०१७ पासून बीदर–कलबुर्गी रेल्वेमार्गही सुरू झाला आहे, आणि महाराष्ट्र व तेलंगण या दोन्ही राज्यांच्या सीमा जवळ आहेत. त्यामुळे या भागातून निघालेले मूल काही तासांत दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेत आणि दुसऱ्या पोलीस दलाच्या हद्दीत पोहोचू शकते.

या भागाला जमावाच्या संशयाचाही कटू अनुभव आहे. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या समाजातील पाच जणांची जमावाने हत्या केली, आणि १३ जुलै रोजी बीदर जिल्ह्यातील मुरकी गावाजवळ हैदराबादहून आलेल्या एका तरुण अभियंत्याचा तशाच अफवेने बळी घेतला. त्यानंतर चारच दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा विशेष अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. या घटनांतील मृत स्वमग्न नव्हते. परंतु स्वतःची ओळख पटवून देऊ शकणारे प्रौढही जिथे जमावापुढे हतबल ठरले, तिथे नावही सांगू न शकणाऱ्या तरुणाला पोलिसांच्या संरक्षणाची गरज किती मोठी आहे, हे त्यांवरून कळते.

संरक्षणाच्या हेतूने केलेली कृतीही घातक कशी ठरते, हे लंडनमधील एका खटल्याने दाखवून दिले. सप्टेंबर २००८ मध्ये ॲक्टन भागातील तरणतलावावर शाळेबरोबर आलेला सोळा वर्षांचा एक स्वमग्न मुलगा पाण्याकडे पाहत काठावर खिळून उभा राहिला, तेव्हा पोलिसांना बोलावण्यात आले. सोबतच्या काळजीवाहकांशी नीट सल्लामसलत न करता पोलिसांनी त्याला स्पर्श करताच त्याने कपड्यांसह पाण्यात उडी घेतली आणि बाहेर काढल्यावर हातकड्या व पायबंद घालून त्याला पोलिसांच्या गाडीत डांबण्यात आले. न्यायालयाने त्याला २८,२५० पौंडांची भरपाई दिली आणि २०१३ मध्ये अपिलातही तो निकाल कायम राहिला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार, व्यक्तीने शब्दाने वा कृतीने शरणागती दर्शवली नसेल तर अटक करताना तिच्या शरीराला स्पर्श करणे किंवा तिला रोखून धरणे अपेक्षित असते. जिला स्पर्शच सहन होत नाही आणि शरणागतीचा संकेत देता येत नाही, अशा व्यक्तीच्या बाबतीत ही नेहमीची रीत झटापटीला कारण ठरते, आणि ती झटापट पुढे प्रतिकार म्हणून कागदावर येऊ शकते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये स्वमग्नतेची स्वतंत्र नोंद आहे. दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार किंवा तिचे शोषण होत असल्याचे कळताच तिला कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे संरक्षण मागण्याच्या, मोफत विधी साहाय्याच्या आणि फौजदारी तक्रारीच्या हक्काची माहिती देणे, तसेच जवळच्या पुनर्वसन संस्थेचा तपशील पुरवणे, हे या कायद्याच्या कलम ७ ने पोलिसांवर सोपवलेले कर्तव्य आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार मानसिक वा शारीरिक अक्षमता असलेल्या साक्षीदाराला चौकशीसाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, तर कलम १७३ नुसार लैंगिक अत्याचाराची पीडित दिव्यांग असल्यास तिची तक्रार तिच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, दुभाषा अथवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत आणि चित्रीकरणासह नोंदवावी लागते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी तो नोंदवून घेण्याची, म्हणजे ‘झिरो एफआयआर’ची, तरतूदही याच कलमात असल्यामुळे सीमाभागातील पालकाला हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. मूल हरवल्याच्या तक्रारीवर गुन्हाच नोंदवावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तर २०१३ पासून लागू आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. स्वमग्नता हा मानसिक आजार नव्हे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चे कलम १०० हे मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या भटकत्या व्यक्तीसाठी किंवा अशा आजारामुळे स्वतःला वा इतरांना धोका ठरणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. ते अशा व्यक्तीला कोठडीत ठेवण्यास पूर्ण मनाई करते आणि २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेण्यास सांगते. रस्त्यावर भेटलेल्या अबोल माणसाचे निदान हवालदाराने करावे अशी अपेक्षा कोणी ठेवू नये; मात्र शंका असेल तेव्हा कोठडी टाळून दवाखाना गाठावा आणि घर शोधावे, ही रीत दोन्ही बाबतींत योग्यच ठरते.

वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर अडचण वाढते, कारण तेव्हा कायद्याच्या दृष्टीने मूल प्रौढ होते आणि त्याच्या वतीने बोलण्याचा आईवडिलांचा अधिकार आपोआप चालू राहत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ मध्ये यावर उपाय आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालकत्वाचा आदेश देऊ शकते, आणि ठाण्यात वडीलधाऱ्यांच्या शब्दाला त्या कागदाने वजन येते. ओळखीच्या नोंदीचे मोल नागपुरात दिसले: २०११ मध्ये तेथील रेल्वे स्थानकावर सापडलेला एक विशेष गरजा असलेला मुलगा दहा वर्षांनी, आधार नोंदणीच्या वेळी त्याचे ठसे जुन्या नोंदीशी जुळल्यामुळे, जबलपूरच्या आपल्या आईवडिलांकडे परतला.

चिटगुप्प्यासारख्या तालुक्यात यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीवर दिव्यांगांसाठी ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो आणि प्रत्येक गाव कोणत्या ना कोणत्या बीट पोलिसाकडे सोपवलेले असते. या दोघांनी गावातील अशा कुटुंबांची, त्यांच्या संमतीने, भेट घेतली तर बरेच काम होईल. कुटुंबांनी दिव्यांग ओळखपत्र व आधार नोंदणी वेळेत करून घ्यावी. मुलाचे छायाचित्र, घरची भाषा, तो कोणत्या हाकेला ओ देतो, कशाने बिथरतो, कशाने शांत होतो आणि कोणत्या पाणवठ्याकडे ओढला जातो, एवढी माहिती मराठी व कन्नडमध्ये एका कागदावर लिहून ठाण्यात द्यावी. आणि मूल दिसेनासे होताच शोधाशोधीत वेळ न दवडता ११२ वर, अल्पवयीन असल्यास १०९८ वरही कळवावे. पोलीस अधिकाऱ्यांनी आपल्या शिपायांना एवढेच शिकवावे की उत्तर आले नाही तर आवाज चढवू नये, एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारावा, उत्तरासाठी थांबावे, भोवतालची गर्दी हटवावी आणि जिवाला धोका नसेल तर हात लावू नये. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा किंवा वेगळा निधी लागत नाही. ठाणेदाराने ठरवले तर पुढच्या बीट-बैठकीपासून या कामाची सुरुवात होऊ शकते.