पंचेचाळीस बिंदूंचा मोह

रोलचा कॅमेरा म्हणजे हाताने रिंग फिरवून फोकस करायचा कॅमेरा, असं चित्र हल्ली पक्कं झालं आहे. नव्याने फिल्मवर फोटो काढू लागलेली मुलं निकॉन एफएम२ किंवा कॅनन एई-१ शोधत हिंडतात आणि त्यासाठी चांगले पैसे मोजतात. त्याच दुकानात, त्याच काचेमागे, काळ्या प्लास्टिकची एखादी बॉडी धूळ खात पडलेली असते. ती २००० सालची निकॉन एफ८० असेल, नाहीतर त्याच वर्षीची कॅनन ईओएस ३०. दोन्हींचा ऑटोफोकस आजही कामाचा आहे आणि किंमत एफएम२च्या मानाने कितीतरी कमी. धावणारी पोरं, कुत्री, लग्नातली गडबड असलं काही रोलवर टिपायचं असेल तर मी डोळे झाकून ही काळी बॉडी घ्यायला सांगेन. मात्र ती घेताना लोक ज्या समजुती मनात धरून जातात, त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या असतात.

सगळ्यात ढोबळ समजूत अशी, की ऑटोफोकस ही डिजिटलची देणगी. खरं तर तो फिल्मवरच जन्मला आणि फिल्मवरच वीस वर्षांत वयात आला. १९८१ साली पेंटॅक्स एमई एफ आणि १९८३ साली निकॉन एफ३एएफ हे एसएलआर, म्हणजे आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणारे कॅमेरे, आले, पण त्यांत मोटर ठरावीक लेन्समध्ये बसवलेली होती आणि तशा लेन्स मोजक्याच होत्या. १९८५ साली मिनोल्टाने ७००० हा कॅमेरा आणला. त्यात मोटर बॉडीत होती आणि सोबत लेन्सची अख्खी मालिका होती. मग सगळा बाजारच पालटला. हनीवेल या अमेरिकन कंपनीने पेटंटचा दावा लावला, १९९२ साली निकाल मिनोल्टाच्या विरोधात गेला आणि प्रकरण पावणेतेरा कोटी डॉलरच्या घरात मिटलं. हे तंत्र किती मोलाचं मानलं जात होतं, ते यावरून कळतं. पुढे निकॉनचा डिजिटल डी१ आला तेव्हा त्याला फोकसची यंत्रणा मिळाली ती फिल्मवरच्या एफ५ची, आणि कॅननच्या २००१ सालच्या ईओएस-१डीला मिळाली ती ईओएस ३ आणि १व्हीची. उसनवारी फिल्मकडून डिजिटलकडे झाली आहे. अपवाद निकॉन एफ६चा. २००४ सालच्या या कॅमेऱ्याची ११ बिंदूंची यंत्रणा आधी डिजिटल डी२एचमध्ये बसली होती.

दुसरी समजूत जास्त महागात पडते: जितके फोकस पॉइंट जास्त, तितका ऑटोफोकस चांगला. जाहिरातींनी ती पेरली आणि आजचे शेकडो बिंदूंचे मिररलेस कॅमेरे तिला खतपाणी घालतात. त्यामुळे ४५ बिंदूंचा ईओएस ३ (१९९८) हा ५ बिंदूंच्या निकॉन एफ१००च्या नऊपट सरस असणार, असा हिशेब मनात तयार होतो.

बिंदू म्हणजे काय, हे आधी पाहू. एसएलआरचा मोठा आरसा मध्यभागी अर्धपारदर्शक असतो. तिथून आरपार गेलेला प्रकाश मागच्या एका छोट्या आरशावर पडून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या सेन्सरकडे वळतो. लेन्सच्या दोन कडांतून आलेल्या दोन प्रतिमा तिथे ताडून पाहिल्या जातात. त्या एकमेकींपासून किती आणि कुठल्या बाजूला सरकल्या आहेत, यावरून लेन्स किती आणि कुठे फिरवायची ते एका झटक्यात कळतं. यातली मेख अशी, की साधा सेन्सर ही सरक एकाच दिशेत मोजतो. उभ्या रेषा ओळखणाऱ्या सेन्सरला खिडकीचे उभे गज सहज सापडतात, पण दुकानाच्या आडव्या पट्ट्यांच्या शटरसमोर तो नुसता मागेपुढे करत राहतो. दोन्ही दिशांत मोजणाऱ्या सेन्सरला क्रॉस सेन्सर म्हणतात, आणि विचारायचं ते त्याच्याबद्दल. ईओएस ३च्या ४५ बिंदूंपैकी क्रॉस आहेत ७. एफ१००च्या ५ पैकी ३: मधला, डावा आणि उजवा. एफ८०ला बिंदू पाचच, पण क्रॉस फक्त मधला. म्हणजे ज्याच्यावर खरोखर विसंबावं अशा बिंदूंचा सामना ७ विरुद्ध ३ असा आहे, ४५ विरुद्ध ५ असा नाही.

शिवाय ते ४५ बिंदू सगळ्या चौकटीभर पसरलेले नाहीत. २४ × ३६ मिलिमीटरच्या चौकटीत, मधल्या साधारण ८ × १५ मिलिमीटरच्या लंबगोलात ते दाटीवाटीने बसले आहेत. माणूस कडेला ठेवायचा तर फोकस धरून चौकट सरकवणं काही सुटत नाही. त्यात हाताने एकेक बिंदू निवडत बसलं तर समोरचा क्षण निघून जातो. म्हणूनच की काय, ४५ वरून ११ बिंदूंवर येण्याची सोय कॅननने त्याच कॅमेऱ्यात ठेवली आहे.

हे सेन्सर लेन्सच्या प्रकाशावर जगतात, हेही लक्षात असू द्यावं. बहुतेक बॉडींची यंत्रणा एफ/५.६पर्यंत भरवशाने चालते. एफ/५.६च्या झूमला एक्स्टेंडर जोडला की तिचा धीर सुटतो. आणि आजोबांच्या पेटीत सापडलेला जुना पोलरायझर लावणार असाल, तर तो ‘सर्क्युलर’ आहे का ते पाहा. साधा लिनिअर पोलरायझर अर्धपारदर्शक आरशाशी जुळत नाही, त्याने मीटर आणि फोकस दोन्ही फसू शकतात.

आता डोळ्यांची गोष्ट. काही जुन्या कॅनन बॉडींवर ‘आय कंट्रोल’ असतं. विकणारा ते हळूच दाखवतो आणि घेणाऱ्याला वाटतं की आपल्या मोबाइलसारखा हा कॅमेराही समोरच्याचा डोळा शोधून त्यावर फोकस करणार. तसं काही नाही. समोरचा चेहरा ओळखून तिथे फोकस धरेल असा फिल्मचा एसएलआर कुणीही बनवला नाही. एफ५मध्ये १००५ पिक्सेलचा रंगीत सेन्सर आहे खरा, पण तो प्रकाश मोजण्यासाठी, चेहरे शोधण्यासाठी नव्हे. आय कंट्रोलमध्ये कॅमेरा पाहतो तो तुमचा डोळा. व्ह्यूफाइंडरमधले अवरक्त दिवे तुमच्या डोळ्यावर मंद प्रकाश टाकतात, बुबुळावरचं प्रतिबिंब आणि बाहुलीची जागा यांवरून तुमची नजर कुठल्या बिंदूवर आहे ते ठरतं आणि तो बिंदू निवडला जातो. १९९२ सालच्या ईओएस ५मध्ये हे पहिल्यांदा आलं. तिथे पाच बिंदू एका आडव्या ओळीत होते आणि कॅमेरा उभा धरला की ही सोय बंद पडायची. ईओएस ३मध्ये ती उभ्या चौकटीतही चालते.

कल्पना अफाट होती, माझ्या मते फिल्म युगातली सगळ्यात धाडसी. पण तिला आधी तुमच्या डोळ्याची ओळख करून द्यावी लागते, उन्हात एकदा, खोलीत एकदा, आणि चष्मा असेल तर तिचं गणित बिघडण्याची शक्यता वाढते. कुणाला ती जीव की प्राण वाटते, कुणी पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकतो. कॅननने २००० सालच्या ईओएस-१व्ही या आपल्या सगळ्यात वरच्या फिल्म बॉडीत ती घेतलीच नाही. २०२१ साली मिररलेस ईओएस आर३मध्ये मात्र ती परत आली. तेव्हा आय कंट्रोलसाठी जादा पैसे मागितले तर आधी स्वतःच्या चष्म्यासकट वापरून पाहावं.

लेन्सच्या बाबतीतला गोंधळ सगळ्यात मोठा, आणि पैसे बुडतात ते इथेच. ‘निकॉनची लेन्स निकॉनला चालतेच’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. माउंट तोच असला तरी बॉडी आणि लेन्स यांच्यातली बोलणी दर पिढीत बदलत गेली. एएफ-डी प्रकारच्या, म्हणजे बॉडीतल्या मोटरवर फिरणाऱ्या लेन्स एफ८० आणि एफ१००वर उत्तम चालतात. डिजिटल डी३५०० वापरणाऱ्याला हे खरं वाटत नाही, कारण त्याच्या बॉडीत मोटरच नाही आणि ५० मिमी एफ/१.८डी तिथे हातानेच फिरवावी लागते. एएफ-एस, म्हणजे मोटर लेन्समध्येच असलेल्या, आणि अ‍ॅपर्चर रिंग नसलेल्या जी लेन्सही या दोन्ही बॉडींना मानवतात, हाताचा कंप सावरणारा व्हीआरसुद्धा चालतो. १९८८ सालच्या एफ४वर मात्र जी लेन्स लावली तर फक्त प्रोग्रॅम आणि शटर प्रायॉरिटी हाती उरतं, आणि व्हीआर चालतच नाही. उलट टोकाला नव्या ई प्रकारच्या लेन्स आहेत. २०१५ सालची २४-७० मिमी एफ/२.८ई ही त्यातली एक. त्यांचं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं आणि ते कुठल्याही फिल्म निकॉनला हलवता येत नाही, ते सताड उघडंच राहतं. एएफ-पी लेन्सचा तर फोकसच होत नाही. एफ६सुद्धा यातून सुटलेला नाही. जुनी हाताने फिरवायची एआय लेन्स लावायची असेल तर एफ१००चं मीटर तिच्यासोबत चालतं, एफ८०चं चालत नाही. हा एकच मुद्दा दोन बॉडींपैकी कुठली घ्यायची ते ठरवू शकतो.

कॅननकडे हे सगळं दोन वाक्यांत संपतं. १९८७ साली कंपनीने जुना एफडी माउंट मोडीत काढून ईएफ आणला, तेव्हा एफडीवाले चिडले होते, पण त्यामुळेच आजची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ईओएस ३०वर निमूट फोकस करते. ईएफ-एस आणि आरएफ लेन्स मात्र बसत नाहीत. घरात कॅननचा फुलफ्रेम डिजिटल आणि ईएफ लेन्स असतील तर दुसरीकडे बघूच नये. मिनोल्टाचा डायनॅक्स ७ (२००० सालचा) गुणी आहे, लेन्सही मुबलक आहेत, पण त्याच्या वरच्या डायनॅक्स ९वर एसएसएम, म्हणजे मोटर लेन्समध्येच असलेल्या, लेन्स लावायच्या तर त्या बॉडीत कारखान्यात बदल करून घेतलेला असावा लागतो.

वेगाबद्दलही एक गैरसमज आहे. ऑटोफोकसचा वेग आणि सेकंदाला निघणारे फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारीच्या रिंगणात अश्व तुमच्या दिशेने दौडत येतो तेव्हा बटण दाबल्यापासून आरसा वर जाऊन शटर उघडेपर्यंतच्या क्षणभरात तो पुढे सरकलेला असतो. तो पुढे कुठे असेल याचा अंदाज बांधून लेन्स तिथे नेणारी यंत्रणा मिनोल्टाने १९८८ सालच्या ७०००आयमध्ये आणली आणि पुढे सगळ्यांनी ती आपलीशी केली. घोडा फोकसमध्ये येतो तो या यंत्रणेमुळे आणि चपळ मोटरच्या लेन्समुळे. एफ५ सेकंदाला ८ फोटोंपर्यंत जातो, म्हणजे ३६ फोटोंचा रोल साडेचार सेकंदांत संपला. रोलचे आणि तो धुण्याचे आजचे भाव पाहता हा गुण म्हणावा की दोष, ज्याचं त्याने ठरवावं. शिवाय एफ५ला आठ पेन्सिल सेल लागतात, आणि त्या वजनाने संध्याकाळी खांदा दुखतो.

अंधाराचंही असंच. एफ५ आणि एफ१००चा फोकस उणे १ ईव्हीपर्यंत, तर ईओएस ३ आणि १व्हीचा शून्य ईव्हीपर्यंत चालतो असं त्या कंपन्या सांगतात (ईव्ही हे उजेडाचं माप, आकडा जितका लहान तितका अंधार जास्त). पण त्यासाठी समोर धरण्याजोगी कडा असावी लागते. समईच्या उजेडातल्या गुळगुळीत भिंतीवर कुणाचंच काही चालत नाही. गंमत म्हणजे स्वस्त एफ८०ला मदतीचा दिवा बॉडीवरच आहे, महागड्या एफ१००ला तो नाही, त्यासाठी वर फ्लॅश लावावा लागतो.

शेवटी खरेदी. ‘विजेवरचे कॅमेरे टिकत नाहीत’ ही भीती अगदीच खोटी नाही. सर्किट जळलं तर गल्लीतला कारागीर हात टेकतो. पण बहुतेक बिघाड आधी दिसतात. १९८७च्या ईओएस ६५० आणि तिच्या भावंडांमध्ये शटरजवळचा फोम विरघळून पात्यांवर डांबरासारखा चिकटतो, म्हणून मागचं झाकण उघडून पाती नीट निरखावीत. निकॉन एफ९० आणि एफ१००च्या पाठीचं रबर चिकट होतं, ते किळसवाणं असलं तरी कामाला बाधक नाही. एफ६५ आणि एफ७५ला आयएसओ हाताने लावता येत नाही, डब्यावरचा डीएक्स कोड वाचला तरच कळतो. कुणी मोठ्या रीळातून भरून दिलेला कोडविना ४००चा रोल त्यात टाकला तर कॅमेरा तो १००चा समजतो. सेलही विचारून घ्यावेत. एफ१००चे पेन्सिल सेल कुठल्याही टपरीवर मिळतात, ईओएस ३ आणि ५चा २सीआर५ तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही.

एवढं पाहून झालं की दुकानातच एक वर्तमानपत्र टेबलावर तिरकं ठेवून, लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, मधल्या बिंदूने एकाच ओळीवर पाच-सहा फोटो काढावेत. फोकस नेमका त्या ओळीवर बसतो की पुढे-मागे, ते रोल धुऊन आल्यावरच कळणार. तोपर्यंत पैसे परत द्यायची तयारी दुकानदार दाखवत असेल तर सौदा करावा.