मोकळं सोडलेलं मिनिट

दोन तबकड्या घ्या. एकीवरच्या गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके, दुसरीवरच्या गाण्याची १२४. एकामागून एक ऐकवल्या तर बहुतेकांना त्यांच्यातला फरक सांगता येणार नाही. आता दोन्ही एकाच क्षणी सुरू करा. पहिला ठोका बरोबर एकमेकांवर पडतो. दुसरा सेकंदाच्या साधारण साठाव्या भागाने चुकतो. ते कळतही नाही. पण चूक साठत जाते. चार-पाच ठोक्यांत ढोलाचा आवाज फाटल्यासारखा होतो, साडेसात सेकंदांनी एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या नेमका मधे येतो, आणि पंधराव्या सेकंदाला दोन्ही पुन्हा जुळतात. फक्त तोवर एक गाणं दुसऱ्याच्या एक मात्रा पुढे निघून गेलेलं असतं आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळलेले असतात.

डीजेची कला या पंधरा सेकंदांत सुरू होते. एक गाणं सगळ्या क्लबला ऐकू येत असताना दुसरं फक्त त्याच्या एका कानावरच्या हेडफोनमध्ये वाजत असतं. डाव्या कानात एक लय, उजव्या कानात दुसरी, आणि त्यातली कुठली मागे रेंगाळतेय, कुठली पुढे पळतेय याचा निवाडा करायचा. मग तबकडीच्या कडेला बोट हलकेच टेकवून तिला किंचित रोखायचं किंवा मधल्या खुंटीला चिमटीत धरून पुढे रेटायचं, आणि गतीची पट्टी केसभर सरकवायची. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सँक्च्युअरी क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो नावाचा डीजे अशी गाणी जुळवू लागला, तेव्हा संगीत रात्रभर न थांबता वाहू शकतं हे नाचणाऱ्यांना उमगलं.

या कामाला जे यंत्र सर्वांत जास्त साथ देत आलं, ते डीजेंसाठी बनलेलंच नव्हतं. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७२ साली टेक्निक्स एसएल-१२०० हा टर्नटेबल काढला, तो घरी बसून गाणी ऐकणाऱ्या शौकिनांसाठी. इतर अनेक टर्नटेबलांत मोटर रबरी पट्ट्याने तबक फिरवते; इथे मोटर थेट तबकाखाली होती. त्यामुळे तबक लगेच वेग घेई, आणि वर घसरता नमदा टाकला की तबकडी हाताने धरून ठेवली तरी खालचं तबक फिरतच राही. योग्य ठोक्याला हात सोडला की गाणं पूर्ण वेगात सुरू. १९७९ च्या सुधारित यंत्रावर वेग ८ टक्के वर-खाली नेणारी लांब सरकपट्टी आली.

या पट्टीत एक गंमत आहे. तबकडीचा वेग वाढला की सूरही चढतो. सहा टक्क्यांनी वेग वाढवला की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने वर जातो. म्हणजे काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये जाऊन बसतं. तबकडीवर काम करणाऱ्या डीजेने लय जुळवली की नकळत पट्टीही बदललेली असते, आणि दोन गाण्यांचे सूर एकमेकांना खटकतील का हे त्याला आधीच ऐकून ठेवावं लागतं. आजच्या डिजिटल यंत्रांत लय आणि सूर वेगवेगळे हलवता येतात. इतकंच नव्हे, 'सिंक' नावाचं बटण दाबलं की ठोके आपोआप जुळतात. ग्रासोने कान तयार करून जे मिळवलं ते आता क्षणात होतं.

मग उरतं काय? उरतं ते सर्वांत अवघड. पुढचं गाणं कोणतं? गर्दी थकलीय की पेटलीय? आत्ताच शिखर गाठायचं की अजून वीस मिनिटं ताणून धरायचं? दुसऱ्यांनी केलेली गाणी वाजवण्यात कसली आली कला, असं वाटणाऱ्याने कीर्तनकार आठवावा. अभंग तुकोबांचा असतो, दृष्टांत पुराणातला असतो. पण कोणता अभंग कधी काढायचा, कुठे थांबायचं आणि टाळकऱ्यांना कधी खूण करायची हे समोरचे चेहरे वाचून ठरतं. डीजेचं तसंच आहे. त्याला हे सारं चालत्या काळात करायचं असतं. वाजलेलं गाणं परत घेता येत नाही.

डीजे वाजवतो ती गाणी घडवणाऱ्या प्रोड्यूसरच्या खोलीत मात्र काळ थांबवता येतो. १२० च्या लयीत चार ठोक्यांचं आवर्तन दोन सेकंदांत संपतं. हे दोन सेकंद तो पुन्हा पुन्हा फिरवतो, शेकडो वेळा, आणि दर फेरीला एखादी गोष्ट तसूभर हलवतो. समोर कुणी नसतं आणि सुरुवातीला आवाजही नसतो. आधी ठोकाच घडवावा लागतो.

जपानच्याच रोलँड कंपनीने १९८० साली काढलेल्या टीआर-८०८ या यंत्राची किक घ्या, म्हणजे आपण ज्यावर पाय आपटतो तो खर्जाचा ठोका. त्यात कुठल्याही खऱ्या ढोलाचं ध्वनिमुद्रण नाही. एका विद्युत मंडलाला क्षणिक धक्का दिला जातो, ते घंटेसारखं घुमतं आणि विरत जातं, बस्स. त्याच कंपनीच्या १९८३ च्या टीआर-९०९ मध्ये सूर क्षणार्धात वरून खाली कोसळतो, म्हणून तो ठोका छातीवर बसतो. आपला कान फसतो याला कारण आहे. खऱ्या ढोलावर जोरात थाप पडली की चामडं ताणलं जातं, सूर किंचित वर जातो आणि लगेच उतरतो. यंत्राने त्या उतरणीची नक्कल केली की मेंदू चामडं ऐकतो.

मग त्या ठोक्यांत जीव ओतायचा. अशा यंत्रावर एक आवर्तन सोळा घरांत विभागलेलं असतं. १२० च्या लयीत प्रत्येक घर एक अष्टमांश सेकंदाचं. सगळी घरं काटेकोर समान ठेवली तर ताल लष्करी कवायतीसारखा वाजतो. अमेरिकेच्या रॉजर लिन यांनी १९८० च्या आपल्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये दर दुसरं घर थोडं उशिरा वाजवण्याची सोय केली. हा उशीर दहा मिलिसेकंदांचा असला तरी पुरतो. तो मोजून कुणाला सांगता येत नाही, पण कंबर लगेच ओळखते.

इथे दोन्ही कारागीर एकाच अडचणीपाशी येऊन भेटतात. खर्जाचे दोन आवाज एकत्र आले तर ते एकमेकांना दुप्पट फुगवतात किंवा गिळून टाकतात. स्वच्छ ऐकू येत नाहीत. डीजे दोन गाणी जोडताना एकाचा खर्ज मिक्सरच्या बटणाने काढून घेतो आणि नेमक्या समेवर दुसऱ्याचा सोडतो. प्रोड्यूसरला हीच अडचण एकाच गाण्याच्या आत येते: किक आणि बेसची धून एकाच जागेवर हक्क सांगतात. तो अशी योजना करतो की किक पडली की बेस आपोआप क्षणभर दबेल आणि लगेच वर येईल. डीजेने हाताने एका जोडणीत एकदा केलेलं काम प्रोड्यूसरच्या गाण्यात सेकंदाला दोनदा होत असतं. घरी ऐकताना गाणं श्वास घेतंय असं जे वाटतं, ते यामुळे.

दोघांचा खरा करार दिसतो तो गाण्याच्या टोकांना. हाऊस या नाचाच्या संगीतप्रकारातला एखादा ट्रॅक घरी लावला तर सुरुवात कंटाळवाणी वाटते: नुसता ठोका, मग हाय-हॅट, बत्तीस आवर्तनं होईस्तोवर धून नाहीच. बत्तीस आवर्तनं म्हणजे चौसष्ट सेकंद. हे मिनिट श्रोत्यासाठी नसतंच. ते अनोळखी डीजेसाठी मोकळं सोडलेलं असतं, म्हणजे त्याला आधीचं गाणं त्यावर अलगद उतरवता यावं. शेवटीही तसंच. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन यांनी नाचाची गाणी लांबवून ती बारा इंची तबकडीवर आणायला सुरुवात केली. मोठ्या तबकडीवर खोबणींना पसरायला जागा मिळते, म्हणून आवाज मोठा आणि खर्ज भरदार बसतो. तीन मिनिटांची गाणी सहा-सात मिनिटांची झाली, आणि त्या वाढीव जागेत डीजेला हात घालता आला.

गोव्यात हा करार उन्हाने बदलला. ऐंशीच्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर रात्र-रात्र चालणाऱ्या पार्ट्यांत तबकड्या नेणं धोक्याचं होतं. उष्णतेने त्या वाकत. तिथले डीजे कॅसेटवर आणि पुढे डॅट या छोट्या डिजिटल फितीवर वाजवत. फितीला हाताने ढकलता येत नाही, वेग सहज बदलता येत नाही. म्हणजे ठोके जुळवणं संपलंच. मग गोवा ट्रान्स घडवणाऱ्यांनी गाण्याची टोकं ठोक्याशिवायच ठेवली: लांबलेले, तरंगते सूर, एकमेकांवर कसेही पडले तरी चालणारे. आज ते आरंभ कुणाला ध्यानधारणेसारखे वाटतात. त्यांच्यामागे अध्यात्म असेल तेवढाच गोव्याचा उन्हाळाही आहे.

शिकागोत तर दोन कामांमधली भिंतच ढासळली. तिथल्या वेअरहाऊस क्लबमध्ये १९७७ पासून वाजवणारे फ्रँकी नकल्स ध्वनिफीत ब्लेडने कापून, चिकटवून गाण्यांचे आवडते तुकडे लांबवत, आणि पुढे तबकड्यांच्या जोडीला ड्रम मशीनही वाजवू लागले. वाजवता वाजवता घडवणं सुरू झालं. त्याच शहरात फ्यूचर नावाच्या गटातल्या तरुणांच्या हाती रोलँडचं टीबी-३०३ हे चंदेरी खोकं आलं. बेस गिटार वाजवणाऱ्याची उणीव भरून काढण्यासाठी बनवलेलं हे यंत्र बाजारात पडलं होतं आणि जुन्या मालात स्वस्त मिळत होतं. धून फिरत असतानाच त्यांनी बटणं पिरगाळली, आणि बेसऐवजी एक चिरकणारा, वळवळणारा आवाज निघाला. त्याची फीत त्यांनी म्युझिक बॉक्स क्लबच्या रॉन हार्डीला दिली. गटातले डीजे पिएर सांगत आले आहेत की पहिल्यांदा ती वाजली तेव्हा लोक फ्लोअर सोडून गेले. हार्डीने त्याच रात्री ती पुन्हा लावली, मग पुन्हा. चौथ्या वेळी गर्दी बेभान झाली. १९८७ साली ते गाणं 'ॲसिड ट्रॅक्स' नावाने तबकडीवर आलं आणि ॲसिड हाऊस हा संगीतप्रकार जन्मला.

तेच चंदेरी खोकं त्याआधी मुंबईत वाजून गेलं होतं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींड ज्याच्या कानात मुरलेली आहे अशा वादकाला तिचा उपयोग शिकवावा लागला नसणार. आज ती तबकडी ऐकताना शिकागोच्या आधीच इथे ॲसिड हाऊस कसं अवतरलं, असं वाटून माणूस थक्क होतो. पण तेव्हा ती फारशी खपली नाही. कारणं बरीच असतील. त्यातलं एक स्पष्ट दिसतं: तिला रॉन हार्डी नव्हता. लोक उठून गेल्यावरही तेच गाणं हट्टाने पुन्हा लावणारा, आणि कोणत्या गाण्यानंतर ते लावलं की कान उघडतील हे जाणणारा माणूस तिच्या वाट्याला आला नाही.

२०१० मध्ये ती तबकडी नव्याने निघाली तेव्हा दोन दशकांहून जास्त काळ ॲसिड हाऊसवर नाचून जगाचे कान तयार झाले होते, आणि सिंग हयात असतानाच तिचं कौतुक झालं. शिकागोच्या गाण्याला एका रात्रीत चार संधी मिळाल्या. मुंबईच्या गाण्याला दुसरी संधी मिळायला अठ्ठावीस वर्षं लागली.