नाव ओळखीचे, नंबर परक्याचा

स्मार्टफोनमधील संपर्कयादी ही घरातील बहुधा एकमेव अशी नोंदवही असते, की जिच्यात भर सतत पडत राहते आणि खाडाखोड जवळजवळ कधीच होत नाही. गॅसची शेगडी दुरुस्त करणारा, मुलीच्या शाळेच्या बसचा चालक, सोडून दिलेल्या भाड्याच्या घराचे मालक, एकाच लग्नापुरते कामाला आलेले मंडपवाले आणि ज्यांच्या निधनाला काही वर्षे लोटली असे आप्त, हे सर्व त्या यादीत वर्णानुक्रमाने शेजारी शेजारी नांदत असतात. यादी साफ करण्याचे कारण म्हणून फोनमधील जागेचा उल्लेख नेहमी केला जातो, पण ते कारण लटके आहे. छायाचित्रे न जोडलेल्या हजार नोंदी मिळूनही आजच्या फोनने काढलेल्या एका फोटोइतकी जागा सहसा घेत नाहीत. खरे कारण असे की, यादीतील नाव जागच्या जागी राहते, त्या नावापुढचा नंबर मात्र माणसाकडून सुटून दुसऱ्याच्या हाती जातो, आणि ही फारकत फोनला कळत नाही.

मोबाइलचे दहा अंकी क्रमांक कंपन्यांना मालिकांच्या रूपाने वाटून दिलेले असतात. ११० कोटींहून अधिक जोडण्या असलेल्या देशात बंद पडलेला प्रत्येक नंबर कायमचा बाजूला ठेवणे व्यवहार्य नसल्यामुळे, रिचार्ज न झाल्याने किंवा ग्राहकाने परत केल्याने बंद झालेला नंबर काही काळाने नव्या ग्राहकाला दिला जातो. हा काळ किमान ९० दिवसांचा असतो, असे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले होते. जुन्या नंबरवरील व्हॉट्सॲपचा मजकूर काढून टाकण्याची खबरदारी ग्राहकानेच घ्यावी, अशी न्यायालयाची त्या प्रकरणातील भूमिका होती. नंबर सोडणाऱ्याने काय करावे, याचे उत्तर यातून मिळते. पण ज्यांच्या यादीत तो नंबर वर्षानुवर्षे सेव्ह केलेला आहे त्यांनी काय करावे, हा प्रश्न त्यात येत नाही.

त्याचे उत्तर बहुतेकांना एखाद्या दिवशी अवचित मिळते. दिवंगत काकांच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर अचानक मोटारसायकलवर बसलेल्या अनोळखी तरुणाचा फोटो दिसू लागतो, कारण काकांचा नंबर आता त्या तरुणाला मिळालेला असतो आणि फोन मात्र इमानेइतबारे त्याला काकाच म्हणत राहतो. यातील गमतीचा भाग सोडला तरी एक बाब उरते. आपले प्रोफाइल छायाचित्र केवळ आपल्या संपर्कातील लोकांना दिसावे, असे सेटिंग अनेकांनी केलेले असते आणि त्या सेटिंगवर त्यांचा भरवसाही असतो; परंतु संपर्कातील लोक म्हणजे यादीत ज्यांचे नंबर आहेत ते सर्व, एवढाच अर्थ ॲपला ठाऊक असल्याने काकांच्या जागी आलेला तरुणही त्या घरच्या माणसांत गणला जातो. जुना नंबर यादीत ठेवणे म्हणजे अशा प्रकारे परक्याला आत घेणे ठरते.

पैशांच्या व्यवहारात हाच धोका ओळखून भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, बंद झालेल्या व पुन्हा वाटप झालेल्या नंबरांच्या यादीशी आपली नोंद आठवड्यातून किमान एकदा पडताळून पाहावी, असे बँकांना आणि यूपीआय ॲपना २०२५ मध्ये बजावले. बँकांनी दर आठवड्याला करायचे हे काम घरोघरच्या याद्यांमध्ये दहा वर्षांतूनही एकदा होत नाही. यूपीआयवर पैसे पाठवताना यादीतील नावावर विसंबून न राहता बँकेत नोंदलेले जे नाव पडद्यावर दिसते ते वाचावे, हा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

याद्या इतक्या गचाळ का झाल्या, हे त्यांचा इतिहास पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही. भारतातील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला, आणि त्यानंतरची अनेक वर्षे नंबर साठवण्याची जागा म्हणजे प्रामुख्याने सिम कार्ड होती. सिम कार्डावर साधारण २५० नोंदी मावत, एका नावापुढे बहुधा एकच नंबर लिहिता येई आणि नावासाठी मोजकी अक्षरे मिळत. देवनागरीची तर अधिकच ओढाताण होई, कारण संगणकीय लिपीव्यवस्थेत काना, मात्रा आणि हलन्ताचे चिन्ह हे प्रत्येकी स्वतंत्र मोजले जातात. ‘ज्ञानेश्वर’ हे वाचताना चारच अक्षरांचे वाटणारे नाव तिथे १० जागा व्यापते. रोमन लिपीतील अर्धवट नावे आणि घरच्यांनाही न उलगडणारी आद्याक्षरे आजही याद्यांत आढळतात, ती त्या काळाची आठवण होय.

पुढचा थर नंबर बदलण्याच्या सक्तीतून साचला. कंपनी बदलूनही नंबर तोच ठेवण्याची सोय, म्हणजे पोर्टेबिलिटी, देशभर जानेवारी २०११ मध्ये सुरू झाली, आणि पुण्याचा नंबर बंगळूरला गेल्यावरही कायम ठेवण्याची सोय तर जुलै २०१५ मध्ये आली. तोवर नोकरीसाठी राज्य बदलणारा माणूस बहुधा नवा नंबर घेई आणि त्याच्या आप्तांच्या यादीत जुन्या नोंदीशेजारी ‘नवीन’ अशी पुस्ती जोडलेली दुसरी नोंद उगवे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा खुली झाल्यावर अनेकांनी दुसरे सिम घेतले, तेव्हा ‘ताई’, ‘ताई नवीन’ आणि ‘ताई जिओ’ अशा तीन ताया एकाच फोनमध्ये दाखल झाल्या. यांपैकी ‘नवीन’ हाच सर्वांत आधी बंद पडलेला नंबर असल्याचे उदाहरण दुर्मीळ नाही.

तांत्रिक अडचण याहून वेगळी आहे. फोनच्या पडद्यावर दिसणारी यादी एकसंध भासते, परंतु अँड्रॉइड फोनमध्ये ती प्रत्यक्षात अनेक वह्यांतील नोंदी एकत्र करून दाखवलेली असते. गूगल खात्यातील नोंदी, सिमवरील नोंदी, फोनच्या स्वतःच्या साठ्यातील नोंदी आणि व्हॉट्सॲपसारख्या ॲपने आपल्या सोयीसाठी जोडलेल्या नोंदी या वेगवेगळ्या राहतात, आणि फोन फक्त जुळणाऱ्या नोंदींचे एक सामाईक कार्ड बनवून समोर ठेवतो. एका वहीतून नाव खोडले तरी दुसऱ्या वहीतील प्रत शाबूत असल्याने तेच नाव पुन्हा प्रकट होते, आणि वापरणाऱ्याचा समज फोन बिघडल्याचा होतो. उलट बाजूने, गूगल खात्यातील नाव खोडले की ते त्याच खात्याला जोडलेल्या टॅबलेटवरून व संगणकावरूनही जाते, कारण तिथे सिंक, म्हणजे सर्व उपकरणांवरील प्रती आपोआप सारख्या ठेवण्याची प्रक्रिया, अखंड चालू असते. साफसफाईला बसण्याआधी कोणती नोंद कोणत्या वहीत आहे हे पाहणे म्हणूनच आवश्यक असते, आणि सिमवरील नोंदी प्रथम गूगल खात्यात आणून घेतल्यास पुढचे काम बरेच हलके होते.

दुहेरी नोंदी शोधून त्या मर्ज करण्याची, म्हणजे एकत्र जोडण्याची सोय गूगलच्या संपर्क-ॲपमध्ये आहे, आणि आयफोनमध्ये ती २०२२ च्या आयओएस १६ या आवृत्तीपासून आली. नंबराआधी शून्य लावलेली, +९१ लावलेली आणि काहीच न लावलेली अशी एकाच माणसाची तीन रूपे जोडण्यास ती उपयोगी पडते. परराज्यातील मोबाइलला फोन लावताना शून्य लावावे लागे, त्या काळातील नोंदी याद्यांत अजून पुष्कळ आहेत. तथापि यंत्राची सुचवणी डोळे मिटून स्वीकारण्याजोगी नसते. देशपांडे काका आणि देशपांडे काकू या दोन नोंदींत घरचा लँडलाइन नंबर एकच असेल, तर यंत्राला ती एकच व्यक्ती वाटू शकते, आणि ‘संतोष’ या नावाचा इलेक्ट्रिशियन व ‘संतोष’ या नावाचा साडू यांची मोट बांधली गेल्यास त्याचे परिणाम दोघांनाही भोगावे लागतात.

नोंद काढून टाकणे आणि नंबर ब्लॉक करणे यांतही पुष्कळांची गल्लत होते. नोंद काढल्याने समोरच्याचा फोन येणे थांबत नाही, उलट तो नावाशिवाय येऊ लागतो. नकोशा माणसाचे नाव खोडणारा अनेकदा त्याच माणसाचा फोन अनोळखी समजून उचलतो. म्हणून ज्याला टाळायचे त्याची नोंद ठेवून नंबर ब्लॉक करावा आणि ज्याचा नंबर निरर्थक झाला त्याची नोंद काढावी, हा भेद सोयीचा ठरतो. दिवंगतांच्या बाबतीत नियम घालून देणे उद्धटपणाचे होईल. नाव ठेवून नुसता नंबर पुसण्याची मुभा फोन देतोच, आणि तसे केल्याने परक्याचा फोटो काकांच्या नावाखाली येणे थांबते.

यादी साफ करून देणाऱ्या मोफत ॲपचा मोह मात्र आवरलेला बरा, कारण असे ॲप प्रथम संपूर्ण यादी वाचण्याची परवानगी मागते आणि त्या यादीतील नंबर हे मुळात इतरांचे असतात. कर्ज देणाऱ्या काही ॲपनी कर्जदाराच्या यादीतील नातलगांना आणि सहकाऱ्यांना फोन करून त्याची बदनामी केल्याच्या तक्रारी वाढल्यानंतर, रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांद्वारे अशा ॲपना संपर्कयादी पाहण्यास मनाई केली. फोनमधील मूळची साधने पुरेशी असताना तिसऱ्याच्या हाती वही देण्याचे काहीच प्रयोजन नाही.

चूक झाल्यास परतीची वाट किती काळ खुली राहते, हे नोंद कोणत्या वहीतून गेली त्यावर अवलंबून असते. गूगल खात्यातून काढलेले नाव ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते आणि तिथून एकेकटे परत आणता येते. ॲपलच्या आयक्लाउडवर एकेक नाव परत न येता संपूर्ण यादीच जुन्या प्रतीने बदलली जाते, त्यामुळे त्या प्रतीनंतर जोडलेली नावे चालू यादीतून निघून जातात. सिम कार्डावरून खोडलेल्या नोंदीला अशी कोणतीही मुदत नसते, आणि म्हणून खोडण्याआधी यादीची व्हीसीएफ प्रत, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या फोनला वाचता येणारी एकत्रित फाइल, काढून ती फोनबाहेर ठेवावी लागते.